तबकडीतील आवाज

इ. स. १८७७ मध्ये एडिसनने आवाज साठविणारे यंत्र बनविले. पुढे बर्लिनरने सपाट तबकडीची युक्ती काढली. यंत्राला चावी दिली, की तबकडी मिनिटाला सुमारे ७८ फेरे घेते. तिच्यावरील नागमोडी खाचेतून पोलादी सुई जाताना कंप पावते. ती कंपने पातळ पडद्याला मिळतात आणि कर्ण्यातून गाणे उमटते. झिजलेली सुई खाच खरवडते. म्हणून जाणते संग्राहक वेळोवेळी नवी सुई लावतात. या जुन्या तबकड्या लाखेच्या, म्हणून ठिसूळ. हातून निसटल्या, की फुटल्याच! १९३७ साली निवर्तलेल्या अब्दुल करीम खाँसाहेबांचे गाणे आज ऐकू येते, ते अशा तबकड्या कोणी तरी जपल्या म्हणूनच. एखाद्या गाण्याची उरलेली एकच तबकडी फुटली, तर तो आवाज पुन्हा कोठून आणावा?