वर्डकॅम्पला जाताना

लोहारा तालुक्यातील माकणीच्या एखाद्या तरुणाने गावातल्या दुकानाची किंवा शाळेची वेबसाइट वर्डप्रेसवर उभी केली, तर त्यासाठी त्याला परवान्याचे पैसे द्यावे लागत नाहीत. २००३ मध्ये मॅट मुलेनवेग आणि माइक लिटल यांनी सुरू केलेले हे सॉफ्टवेअर मुक्तस्रोत आहे. ते कोणीही वापरावे, उघडून पाहावे, बदलावे आणि इतरांना द्यावे.

ते वापरणारे आणि घडवणारे लोक जिथे एकत्र जमतात, तो मेळावा म्हणजे वर्डकॅम्प. पहिला २००६ मध्ये सॅन फ्रान्सिस्कोत झाला. पुढे मुंबई आणि पुण्यातही असे मेळावे झाले. आयोजक आणि वक्ते मानधन घेत नाहीत. बराचसा खर्च प्रायोजक उचलतात, त्यामुळे तिकीट सामान्यांना परवडते.

व्याख्यानांइतकाच महत्त्वाचा असतो योगदान दिवस, म्हणजे वर्डप्रेस घडवण्याच्या कामाला हातभार लावण्याचा दिवस. त्यासाठी प्रोग्रामिंग यायलाच हवे असे नाही. सॉफ्टवेअरमधील सूचनांचे मराठी भाषांतर करता येते. संपादकांनी तपासून मान्य केल्यावर ते सर्व मराठी वापरकर्त्यांपर्यंत पोहोचते. चांगले मराठी येणे हीच इथली पात्रता.

जाताना लॅपटॉप, चार्जर आणि अडलेल्या प्रश्नांची यादी बरोबर घ्यावी. वर्डप्रेस डॉट ऑर्गवर खाते आधीच उघडावे. मधल्या सुटीत अनोळखी माणसाशी आपणहून बोलावे. प्रश्न लहान वाटला तरी संकोच करू नये, कारण एकमेकांना विचारत-सांगतच हे सॉफ्टवेअर वाढले आहे.