वाऱ्याचे घाट: शुक्रवार पेठेतून सायकलने चहूबाजूंना

पहाटे साडेपाचला शुक्रवार पेठेच्या बोळातून निघताना मी सायकल पहिली दहा पावले उचलूनच नेतो. ओट्यावर कोणी ना कोणी झोपलेले असते. त्या दिवशी पाण्याची पाळी असेल, तर नळाशी घागरी आधीच मांडलेल्या असतात. मोठ्या रस्त्याला लागलो की पहिले काम हवा बघण्याचे. टायरमधली रात्रीच बघून ठेवलेली असते, ही आभाळातली. देवळावरचे निशाण कुठल्या अंगाला फडकते आहे, टपरीवरच्या शेगडीचा धूर कुठे कलतो आहे, त्यावर त्या दिवसाचा रस्ता ठरतो.

सोलापुरात सायकल चालवण्यासारखे आहे तरी काय, असे पुण्या-साताऱ्याकडचे मित्र विचारतात. ताम्हिणी, वरंधा अंगाशी असलेल्या माणसाला आमचा मुलूख ताटासारखा सपाट वाटला तर त्यात नवल नाही. पण पायाला कळणारी जमीन आणि डोळ्याला दिसणारी जमीन निराळी असते. शहराची उंची समुद्रसपाटीपासून साडेचारशे मीटरच्या आसपास. उत्तरेला बालाघाटाची धार, दक्षिणेला सीना आणि भीमा. शहरातून कुठल्याही बाजूला निघा, जमीन एकसारखी उचलत किंवा उतरत असते, फक्त इतकी सावकाश की नजरेला पत्ता लागत नाही. त्यात वाऱ्याची भर पडते. माळावर आडोसा नाही, डोंगर नाही, दाट झाडी नाही. तासाला वीस किलोमीटरने जाणारी सायकल समोरच्या वाऱ्यात बारावर येते, आणि चढ लागल्यासारखी मांडी भरून येते. आमचे बहुतेक घाट असे वाऱ्याचे आहेत.

म्हणून इथल्या जुन्या सायकलवाल्यांचा एक हिशेब आहे. पावसाळ्यात वारा पश्चिमेचा, नैर्ऋत्येचा. तेव्हा मंगळवेढ्याकडे निघावे, म्हणजे दमलेल्या अंगाने परतताना वारा पाठीशी येतो. दिवाळीनंतर वारा पूर्वेकडून वाहू लागतो. तेव्हा अक्कलकोट किंवा नळदुर्ग गाठावे. तुळजापूर उत्तरेला, त्याला बाराही महिने चालतात. एप्रिल-मेमध्ये पारा बेचाळीसच्या वर गेला की सकाळी आठच्या आत घरी.

तुळजापूरचा रस्ता पहिला, कारण सोलापूरकराची पहिली मोठी फेरी बहुधा हीच असते. रूपाभवानीच्या देवळावरून पुढे गेलो की आठ-दहा किलोमीटरवर हिप्परग्याचा तलाव येतो. कागदोपत्री तो एकरुख तलाव. अदिला नदी अडवून १८७१ साली पुरा झालेला हा तलाव दुष्काळी सोलापूरला दीडशे वर्षे पाणी पुरवत आला आहे. थंडीत सूर्य वर येण्याआधी बांधाजवळ उभे राहिले की पाण्यावर धुराचा थर असतो आणि त्यातून चक्रवाकांचा आवाज येतो. पट्टकदंब हंस हिमालय ओलांडून इथवर येतात. सायकल उभी करून, बाटली न उघडता, पाच मिनिटे नुसते ऐकावे. मोटारीतून जाणाऱ्याला हा तलाव म्हणजे काचेबाहेरची पांढरी पट्टी असते.

पुढे उळे, तामलवाडी, माळुंब्रा. रस्ता इथे अगदी हलक्या हाताने चढवतो. सांगवी मागे पडली की उत्तरेला बालाघाटाची निळी कड दिसू लागते आणि सिंदफळनंतर खरा घाट सुरू होतो. तुळजापूर साडेसहाशे मीटरच्या घरात आहे, म्हणजे घरापासून सुमारे दोनशे मीटर वर. सह्याद्रीच्या मानाने आकडा लहान, पण चाळीस किलोमीटर मारून आलेल्या पायांना तो पुरतो. माझी पहिली चढाई बिनगिअरच्या चोवीस इंची सायकलवर झाली होती, वय सोळा. त्या सायकलवर घाट बसून चढताच येत नाही. पॅडलवर उभे राहून, हँडल आपल्याकडे ओढत, एकेक फेरा मोजायचा. आज गिअरची सायकल आहे, तरी पहिल्या वळणाला मी अजून उभाच राहतो. वर पोचून मागे वळले की आपण आलो तो सगळा मुलूख खाली पसरलेला असतो: काळी शेते, पांढरट माळ, आणि हवा स्वच्छ असेल तर पार दूरवर पाण्याचा एक चकाकता ठिपका.

या रस्त्याचे खरे रूप बघायचे तर कोजागरीची रात्र. दसऱ्यानंतर देवी पलंगावर श्रमनिद्रा घेते आणि आश्विन पौर्णिमेला पुन्हा सिंहासनावर येते. त्या रात्री सोलापूरहून, कर्नाटकातून, तेलंगणातून लाखो माणसे पायी तुळजापूरला जातात. वाहने दुसऱ्या वाटेने वळवतात आणि महामार्ग पायांच्या स्वाधीन होतो. कवड्यांच्या माळा, अनवाणी बाया, खांद्यावर पोरे, दर शंभर पावलांवर कोणीतरी चहा नाहीतर केळी वाटणारे, आणि मधूनच ‘आई राजा उदो उदो’चा गजर. त्या रात्री मी सायकल घरी ठेवतो आणि चालतो. ज्या चढाला वर्षभर किलोमीटरमध्ये मोजले, तो त्या रात्री पावलांनी समजतो. सोलापूरच्या मानाच्या काठ्याही याच वाटेने जातात.

नळदुर्ग म्हणजे वाऱ्याचा हिशेब मोडायला लावणारे ठिकाण. हैदराबाद रस्त्याने बोरामणी, इटकळ, अणदूर करीत पन्नासेक किलोमीटर. किल्ल्यात बोरी नदी अडवून दुसऱ्या इब्राहिम आदिलशहाने बांध घातला आणि बांधाच्या पोटात महाल बांधला, साल १६१३. नदी भरली की बांधावरच्या दोन सांडव्यांतून पाणी कोसळते, त्यांना नर आणि मादी म्हणतात. डोक्यावरून पाणी जात असते आणि आत पाणीमहालात आपण कोरडे उभे असतो. दगडाला हात लावला की त्याची थरथर तळव्याला कळते. पण हे दृश्य ऑगस्ट ते ऑक्टोबरातच, तेही पाऊस झाला तर. म्हणजे ऐन पश्चिमी वाऱ्यात जायचे आणि तोंडावर वारा घेऊन परतायचे. एका ऑगस्टमध्ये जाताना मला दोन तास लागले आणि येताना पाच. इटकळच्या पुढे मी उतरून चालत होतो. बोरामणीजवळ एका चिंचेखाली बसलो, तिथल्या शेतकऱ्याने तांब्याभर पाणी आणि मूठभर शेंगा दिल्या. पुढे रस्ता चौपदरी झाला आणि ती चिंच राहिली नाही. ज्यांनी रस्ता आखला त्यांनी वेग धरला, सावली धरली नाही. माळावरच्या रस्त्याला चिंच आणि वड ही शोभा नसते. पायी जाणाऱ्याचा, बैलगाडीचा आणि सायकलचा तो मुक्काम असतो. तोडलेल्या प्रत्येक झाडामागे पाच लावायची आश्वासने वाचली आहेत. मला त्या रस्त्यावर बसण्याजोगी सावली हवी आहे, आणि ती मागत राहणे मला माझे काम वाटते.

जाता जाता अणदूरला थांबावे. खंडोबाची मूर्ती वर्षातले सव्वादहा महिने अणदूरला आणि पावणेदोन महिने नळदुर्गला असते. दोन गावांनी देव असा वाटून घेतला आहे. दम असेल त्याने नळदुर्गहून तुळजापूर गाठून घाट उतरत घरी यावे. सव्वाशे-एकशेतीस किलोमीटरचा हा त्रिकोण आमच्या भागातला सर्वांत देखणा मार्ग आहे, असे माझे ठाम मत आहे.

बार्शी रस्त्यावर कारंब्याच्या पुढे नान्नज लागते, वीस-बावीस किलोमीटरवर. नानासाहेब काळे यांनी सोनाका आणि शरद सीडलेस हे द्राक्षाचे वाण याच गावात घडवले. पण सायकलवाल्याचे नान्नज म्हणजे गवताळ माळ. माळढोकासाठी १९७९ साली इथे अभयारण्य झाले. तेव्हाचे ८,४९६ चौरस किलोमीटरचे क्षेत्र पुढे घटून १,२२२ वर आले, आणि माळढोक तर आता दिसलाच तर ती बातमी होते. तरी काळवीट भरपूर आहेत. सायकलला आवाज नसल्यामुळे ते पन्नास-साठ पावलांपर्यंत मान वर करून बघत राहतात. पॅडल थांबवले की मात्र उधळतात. चालत्या चाकाचे त्यांना भय नाही, थांबलेल्या माणसाचे आहे. त्यामुळे तिथे थांबू नये, हळू जात राहावे. लांडगा मी एकदाच पाहिला, गवताच्या रंगाचाच. माळाला पडीक म्हणणाऱ्याने डिसेंबरातल्या एका सकाळी इथून जाऊन यावे.

दक्षिणेचा रस्ता विजापूरचा. मंद्रूपच्या पुढे आतल्या रस्त्यांनी हत्तरसंग कुडलला जाता येते, चाळीसेक किलोमीटर. सीना भीमेला मिळते तिथे संगमेश्वराचे मंदिर आहे आणि त्याच्या तुळईवर शके ९४०, म्हणजे इसवी सन १०१८ मधला मराठी लेख. सोलापूरचे शिलालेख अभ्यासक आनंद कुंभार यांच्या कामामुळे तो लोकांपुढे आला. शेजारच्या हरिहरेश्वर मंदिरात ३५९ मुखे कोरलेले शिवलिंग आहे. मान वर करून ती अक्षरे शोधताना घामाने डोळे चुरचुरतात, आणि मग एखादे अक्षर ओळखीचे निघते. हजार वर्षांपूर्वी कुणी तरी आपल्याच भाषेत लिहिले आणि आपण तिथवर आपल्याच पायांनी आलो, हे मला दरवेळी नव्याने भिडते. या वाटेवर दर दोन गावांनी भाषा पालटते. रस्ता मराठीत विचारावा, उत्तर कानडीत यावे, आणि हाताच्या इशाऱ्यावर दोघांचे जुळावे.

मंगळवेढ्याच्या रस्त्यावर तिऱ्हे, कामती, बेगमपूर करीत माचणूरचा किल्ला येतो. शेजारच्या ब्रह्मपुरीला १६९५ ते १६९९ औरंगजेबाची छावणी होती. मला तिथला भीमेचा घाट आणि सिद्धेश्वराचे देऊळ अधिक आवडते. पुढे मंगळवेढ्याची काळी सपाट जमीन आणि मालदांडी ज्वारी. पौषात हुरड्यासाठी कोणीही हाक मारून बोलावते. अक्कलकोटचा रस्ता आता गुळगुळीत आणि वाहता आहे. दर्शनाला चांगला, सायकलला बेताचा. वळसंगच्या अलीकडे-पलीकडे गावरस्ते धरले तर बरे.

सामानाचे थोडक्यात. पाणी दोन लिटर, कमी नाही. खायला कडक भाकरी आणि शेंगाचटणी. ही भाकरी पिशवीत आठ दिवस टिकते, उन्हाने बिघडत नाही आणि तुकडा तोंडात धरून चालवता येते. आणि दोन जास्तीच्या ट्यूबा. हवा कमी झाली म्हणून परवा पेठेतल्या पंक्चरवाल्या काकांकडे गेलो. त्यांनी ट्यूब पाण्याच्या पाटीत बुडवली, बुडबुडे धरले, मग टायरच्या आतून अंगठा फिरवत नेला आणि एका जागी थांबले. पक्कडीने जे काढून माझ्या तळहातावर ठेवले ते हरभऱ्याएवढे होते, त्याला चार टोकदार शिंगे.

“बाभळ न्हाई सर, सराटा हाय ह्यो. कुटं गेल्ता?”

“नान्नजच्या माळावर.”

“मग अजून असत्याल,” म्हणत त्यांनी टायर पुन्हा हातात घेतले. आणखी दोन निघाले.

दिवाळीनंतरच्या पहिल्या रविवारी तुळजापूर-नळदुर्गचा त्रिकोण करायचा बेत आहे. साडेपाचला रूपाभवानीपाशी जमायचे, सात वाजता हिप्परग्यावर चहा. ज्याला यायचे त्याने भाकरी आपापली आणावी. ट्यूबा माझ्याकडे आहेत.