उशाशेजारचा सिरिंज पंप : काय वाचावे, कशाला हात लावू नये



मागे ॲडम्सटाउनमधल्या एका घरी आजारी आजींना भेटायला गेलो होतो. उशाशी कापडी पिशवीत एक छोटे यंत्र होते आणि घरातले सगळे त्याकडे पाहायचे टाळत होते. सुनेने दाराशी हळूच विचारले, "डॉक्टरकाका, हे लावले म्हणजे आता शेवटच ना?" हा प्रश्न बऱ्याच घरांत मनातच राहतो, म्हणून लिहितो.

ते यंत्र म्हणजे सिरिंज पंप. गोळी गिळवत नाही किंवा उलट्या थांबत नाहीत, तेव्हा वेदना, मळमळ, तगमग यांवरची औषधे तो कातडीखालच्या बारीक नळीतून चोवीस तास थोडी थोडी सोडत राहतो. उलट्या थांबल्या की कधी कधी पंप निघतो आणि पुन्हा गोळ्या सुरू होतात. त्यात मॉर्फिन असले तरी ते दुखण्याच्या मापाने दिलेले असते. मरण लवकर आणण्यासाठी नव्हे. चालू केल्यावर पूर्ण गुण यायला काही तास लागतात. मध्येच कळ आली तर नर्सला कळवावे, ती वेगळी मात्रा देते. पंपाचा वेग घरच्यांनी वाढवायचा नसतो, आणि तो वाढवता येतही नाही.

पडद्यावर इंग्रजीत दोन गोष्टी वाचायच्या : किती तास-मिनिटे उरली आणि ताशी किती मिलिलिटर जाते. समजा सिरिंजमध्ये १८ मिलिलिटर औषध आहे, तर चोवीस तासांसाठी वेग ०.७५ हवा. नर्स रोज सिरिंज बदलून गेली की हा आकडा तिच्यासमोरच कागदावर, मराठीत, टिपून ठेवावा. नंतर आकडा तोच आहे ना आणि वेळ कमी होते आहे ना, एवढे दिवसातून चार-पाचदा पाहिले तरी पुरे. इकडे सर्रास दिसणाऱ्या पंपावर हिरवा दिवा साधारण मिनिटातून एकदा लुकलुकतो. तो सतत पेटत नाही म्हणून घाबरू नये.

आता कुलूप. बटणे लॉक असतात, सेटिंगला नर्सचा कोड लागतो, वर पारदर्शक पेटी असते. काहींना हा अपमान वाटतो. पण यामागे जीव गेलेले आहेत. १९७०च्या दशकात ब्रिटनच्या डॉ. मार्टिन राइट यांनी खिशात मावेल असा पंप बनवला. (दम्याच्या रुग्णांना फुंकायला देतात ते पीक-फ्लो मीटरही त्यांचेच.) त्या पंपाचे पुढे दोन प्रकार निघाले : निळा ताशी मिलिमीटर मोजणारा, हिरवा चोवीस तासांचे मिलिमीटर मोजणारा. दिसायला जवळजवळ सारखे. हिरव्याचा आकडा निळ्यावर लावला की दिवसभराचे औषध तासाभरात अंगात. अशा चुकांनी रुग्ण दगावले. शेवटी डिसेंबर २०१० मध्ये ब्रिटनच्या रुग्ण-सुरक्षा संस्थेने जुने पंप टप्प्याटप्प्याने काढून, मिलिलिटरमध्ये मोजणारे आणि कुलूपबंद होणारे पंप आणायला सांगितले. लहान नातवंडे घरात असतील तर हे कुलूप किती मोलाचे, ते वेगळे सांगायला नको.

लाल दिवा आणि पीं-पीं आवाज म्हणजे बहुधा औषध संपले, नळी मुडपली किंवा बॅटरी उतरली. नळी अंगाखाली दबली असेल तर सोडवावी. आवाज बंद करून झोपू नये. कार्डावरच्या नंबरवर नर्सला फोन करावा, मध्यरात्र असली तरी. सुईच्या जागी लाली, सूज, ओल दिसली तरी तसेच. आंघोळीत यंत्र भिजवू नये.

एक अवघड गोष्ट. प्राण गेल्यावर डॉक्टर किंवा नर्स येऊन खात्री करेपर्यंत पंप काढू नये. आंघोळ, वस्त्र सारे त्यानंतर. गंगाजळ-तुळशीबद्दल नर्सला आधीच सांगून ठेवावे. गिळता येत नसेल तेव्हा चमच्याने पाणी घालू नये, ओल्या बोळ्याने ओठ भिजवावेत. भाव तोच.

आयर्लंडमध्ये घरी येणाऱ्या पॅलिएटिव्ह नर्सच्या सेवेचे पैसे लागत नाहीत, त्यामुळे या वेळचे आवाहन देणगीचे नाही. आपल्याकडे कमी आहे ती माणसांची : दुपारी दोन तास रुग्णाशेजारी बसणारी, नर्सचे बोलणे आजी-आजोबांना मराठीत सांगणारी. जमेल त्यांनी रविवारच्या आरतीनंतर सेवा समितीच्या टेबलावर नाव आणि मोकळी वेळ लिहून द्यावी. पंपाचा पडदा कसा वाचायचा, ते मी तिथेच दाखवीन.