गोदावरीपलीकडचा सप्टेंबर १९४८

दर वर्षी १७ सप्टेंबर रोजी वैजापूर-गंगापुरात मराठवाडा मुक्तिसंग्राम दिनाचे ध्वजारोहण होते. नदीच्या अलीकडे, आपल्या श्रीरामपुरात, तो दिवस इतर दिवसांसारखाच जातो. बोली एक, आडनावे एक, सोयरिकीही एकमेकांत. मग हा फरक का, असे आपले तरुण विचारतात. त्याचे उत्तर थोडे विस्ताराने देणे आम्हांस इष्ट वाटते.

१९४८ पर्यंत येथे गोदावरी ही दोन राज्यांची सरहद्द होती. अलीकडे मुंबई इलाख्यातील नगर जिल्हा, पलीकडे निजामाचे हैदराबाद संस्थान. सराला बेटाच्या आसपास नदी ओलांडली की कलदार रुपयाच्या जागी हाली शिक्का येई, आणि मालावर करोडगिरी, म्हणजे निजामाची जकात, भरावी लागे. ख्रिस्तसभेच्या व्यवस्थेतही नदी आडवी होतीच. अलीकडील येशूसंघीय धर्मगुरूंची मिशने पुणे धर्मप्रांतात होती; पलीकडे घोगरगावला संत फ्रान्सिस डी सेल्स संघाचे धर्मगुरू, तेही नागपूर धर्मप्रांताखाली.

स्वातंत्र्यानंतर निजामाने भारतात सामील होण्यास नकार दिला. कासीम रझवीच्या रझाकारांनी गावोगाव दहशत बसवली. स्टेट काँग्रेसचे कार्यकर्ते मनमाडसारख्या सरहद्दीबाहेरील ठिकाणांहून सशस्त्र लढा चालवू लागले. अखेर १३ सप्टेंबर १९४८ रोजी भारतीय सैन्य संस्थानात शिरले आणि १७ तारखेस निजामाने शरणागती पत्करली. या मोहिमेला ‘पोलीस कारवाई’ असे सौम्य नाव मिळाले.

शाळेच्या पुस्तकात ही कथा सहसा येथेच थांबते. गावांत मात्र हिशेब त्यानंतर सुरू झाले. केंद्र सरकारने पाठविलेल्या पंडित सुंदरलाल समितीने त्याच वर्षाच्या अखेरीस संस्थानात दौरा करून, कारवाईच्या काळात व तिच्यानंतर २७ ते ४० हजार माणसे मारली गेल्याचा अंदाज दिला. त्यांत फार मोठा भाग मुस्लिमांचा होता. उस्मानाबाद (आताचे धाराशिव), गुलबर्गा, बीदर व नांदेड या जिल्ह्यांत सर्वाधिक हानी झाली. औरंगाबाद जिल्हाही सुटला नाही. हिंदू शेजाऱ्यांनी जिवावर उदार होऊन मुस्लीम कुटुंबे वाचविल्याचेही याच अहवालात नमूद आहे. हा अहवाल कित्येक दशके प्रसिद्ध झाला नाही.

आपल्या दृष्टीने आणखी एक गोष्ट महत्त्वाची आहे, आणि तिच्याविषयी फारसे बोलले जात नाही. संस्थानातील अस्पृश्य समाजाचा एक गट बी. एस. व्यंकटराव व श्यामसुंदर यांच्या नेतृत्वाखाली निजामाकडे झुकला होता. व्यंकटराव तर त्याच्या मंत्रिमंडळातच होते. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी १९४७ मध्येच याविरुद्ध जाहीर इशारा दिला होता. पुढाऱ्यांमधील हा वाद वेशीवरच्या माणसापर्यंत कितपत पोहोचला असेल? तरीही कारवाईनंतर ‘हे रझाकारांचे’ असा शिक्का महार-मांग वस्त्यांवर ठिकठिकाणी बसला, आणि त्या शिक्क्याखाली घरे-जमिनींची जुनी भांडणेही उकरली गेली. नदीच्या दोन्ही काठांवरील आपली बहुतेक कुटुंबे याच समाजांतून आलेली आहेत.

येथे आम्हांस एक विसंगती दिसते. निजामाचा सारा वसूल करणारे पाटील-पटवारी पुष्कळ गावांत कारवाईनंतरही त्याच गादीवर राहिले. त्यांची निष्ठा एका रात्रीत बदलली, हे सर्वांनी मान्य केले. पाटलाच्या हुकमाने टपाल पोहोचविणाऱ्या वेसकराकडे मात्र निष्ठेचा पुरावा मागण्यात आला. ज्याला बाजू निवडण्याची मुभाच नव्हती, त्याला कोणत्या बाजूचा होतास म्हणून विचारणे कितपत न्याय्य आहे, हे वाचकांनीच ठरवावे.

पुढे १९४९ मध्ये जहागिऱ्या गेल्या, १९५० मध्ये कूळकायदा आला, १९५२ मध्ये पहिली सार्वत्रिक निवडणूक झाली. १९५६ मध्ये मराठवाडा मुंबई राज्यात आला आणि सरहद्द पुसली गेली. ‘रझाकार’ हा शब्द मात्र पलीकडच्या राजकारणात आजही विरोधकाला हिणवण्यासाठी वापरला जातो.

सप्टेंबरातच हरेगावला मतमाउलीची यात्रा भरते व वैजापूर-गंगापूरकडील भाविक नदी ओलांडून येतात. १९४८ मध्ये जे लहान होते, ते आता ऐंशीच्या पुढे आहेत. अशा आजी-आजोबांजवळ दोन घटका बसून त्यांच्या आठवणी लिहून घ्याव्यात, ही आमची धर्मग्रामांतील तरुण मंडळांना विनंती आहे.