आकाशांतील मजले

रस्त्यानें जातांना डावी बाजू धरावी, हें आमच्या लहान विद्यार्थ्यांसही ठाऊक आहे. परंतु आकाशांत ना रस्ता, ना मैलाचा दगड. मग विमानें परस्परांवर आदळत कां नाहींत? याचें एक कारण असें, कीं उंचीप्रमाणें आकाशाचे अदृश्य मजले पाडलेले आहेत, व प्रत्येक विमानास आपला मजला नेमून दिलेला असतो.

विमानाची उंची हवेच्या दाबावरून मोजतात. वर जावें तसतशी हवा विरळ होते, आणि हजार फूट चढल्यानें दाबांत पडणारा फरकही कमी होत जातो. त्यामुळें पूर्वीच्या उंचीमापकांस फार उंचावर सूक्ष्म मापन साधत नसे. म्हणून २९,००० फुटांपर्यंत दोन मजल्यांत १,००० फूट, तर त्याहून वर २,००० फूट अंतर ठेवण्याचा नियम होता.

पुढें विमानें वाढलीं व वरचे मजले अपुरे पडूं लागले. ज्यांस तेथें जागा न मिळे, त्यांस खालच्या दाट हवेंतून अधिक इंधन जाळीत जावें लागे. तेव्हां वरील अंतर निम्में करावें, अशी सूचना आली. परंतु केवळ गरज आहे म्हणून ती मान्य झाली नाहीं. आधीं यंत्रांची कसून पारख झाली. दोन स्वतंत्र उंचीमापक, उंची आपोआप राखणारें यंत्र व उंची ढळतांच इशारा देणारें साधन असलेल्या विमानांसच परवानगी मिळाली. उत्तर अटलांटिकवर १९९७ सालीं, युरोपांत २००२ सालीं व भारतांत २००३ सालीं हा बदल अमलांत आला. २९,००० ते ४१,००० फुटांच्या दरम्यान साताचे तेरा मजले झाले. आतां मुंबईहून पूर्वेस कोलकात्याकडे जाणारें विमान ३५,००० फुटांवर असल्यास, तिकडून येणारें ३६,००० फुटांवर असूं शकतें.

तथापि नुसत्या नियमानें रक्षण होत नाहीं. १२ नोव्हेंबर १९९६ रोजीं दिल्लीकडे उतरणाऱ्या कझाकस्तानच्या विमानास १५,००० फुटांवर राहण्याची आज्ञा होती. समोरून येणारें सौदी विमान १४,००० फुटांवर होतें. पहिलें विमान नेमलेली उंची सोडून खालीं आलें, आणि हरियाणांतील चरखी दादरीजवळ टक्कर होऊन दोन्हीं विमानांतील सर्व ३४९ माणसें मृत्यु पावलीं. पुढें टक्कर टाळणारें यंत्र भारतांत सक्तीचें झालें.

अंतर कमी करावयाचें, तर दक्षता वाढविली पाहिजे, हें आमच्या विद्यार्थ्यांनीं यावरून ध्यानांत घ्यावें.