मुदतीची तारीख आणि यंत्राचा हिशेब

व्यापार विश्वासावर चालतो हे खरे. परंतु त्या विश्वासासही मुदतीची मर्यादा असते. पूर्वी पेढीवरील मुनीमजी हुंडीची मुदत ठरविताना पंचांग उघडीत आणि तिथीचा क्षय किंवा वृद्धी ध्यानात घेऊन दिवस बोटांवर मोजीत. आज ते काम आपण संगणकावर सोपविले आहे. त्यापासून सोय किती आणि सावधगिरी कोठे हवी, ह्याचा थोडा विचार येथे करू.

आमच्याच पेढीवरील गोष्ट सांगतो. उधारीच्या मागणीपत्रात तारीख आपोआप पडावी म्हणून गुमास्त्याने मायक्रोसॉफ्ट वर्डमध्ये तारीख घालताना 'अपडेट ऑटोमॅटिकली' ह्यापुढे खूण केली. काही महिन्यांनी तंटा उपस्थित झाला. पत्राची प्रत काढून पाहतो, तो तिच्यावर त्याच दिवसाची तारीख! आम्ही दिलेल्या मुदतीचा पुरावा आमच्याच हातून पुसला गेला होता. टपालाची पावती जपून ठेवली होती, म्हणून निभावले.

असे का व्हावे? ती खूण केली म्हणजे पत्रात तारीख लिहिली जात नाही. 'आजचा दिवस दाखव' अशी आज्ञा तेवढी लिहिली जाते. पत्र पुन्हा उघडले की आज्ञा तीच, पण दिवस नवा. म्हणून ती खूण करूच नये. केली असल्यास पत्र तयार होताच त्या तारखेवर येऊन कंट्रोल, शिफ्ट आणि एफ ९ ह्या कळा एकत्र दाबाव्यात. मग तारीख साध्या अक्षरांप्रमाणे स्थिर होते.

पुढील तारीख काढण्याच्या कामी वर्डपेक्षा एक्सेल अधिक उपयोगी. तेथे प्रत्येक दिवस हा एक क्रमांकच असतो; १ जानेवारी १९०० हा पहिला. त्यामुळे तारखेत ४५ मिळविले की पंचेचाळिसावा दिवस हाती येतो. महिने मोजण्यास 'ईडेट' हे सूत्र आहे.

मात्र काय मोजावे, हे यंत्र सांगत नाही. ३१ ऑगस्टपासून ९० दिवस म्हणजे २९ नोव्हेंबर. तीन महिने म्हणजे ३० नोव्हेंबर. १८८१ च्या परक्राम्य संलेख अधिनियमाप्रमाणे, ३१ ऑगस्टच्या तीन महिने मुदतीच्या वचनचिठ्ठीस सवलतीचे आणखी तीन दिवस मिळून ती ३ डिसेंबरला देय होते. आणि त्या दिवशी सार्वजनिक सुटी असल्यास आदल्या कामाच्या दिवशी. सूक्ष्म व लघु उद्योगांच्या येण्यासंबंधी २००६ च्या कायद्याने ४५ दिवसांची कमाल मर्यादा घातली आहे; पण ती मोजावयाची माल स्वीकारल्या दिवसापासून, पत्राच्या दिवसापासून नव्हे. आरंभच चुकला तर अचूक बेरीजही चुकीच्या दिवशी नेऊन पोहोचविते.

व्यापारी बंधूंस आमची एवढीच विनंती की, पत्रात 'आजपासून पंचेचाळीस दिवसांत' असे मोघम न लिहिता मोजणीचा पहिला दिवस आणि देण्याचा शेवटचा दिवस, दोन्ही स्पष्ट तारखांनी लिहावेत. पाठविलेल्या पत्राची छापील प्रत फायलीस लावावी. बेरीज यंत्राने खुशाल करावी. दिलेल्या शब्दाची तारीख मात्र आपणच डोळ्यांखालून घालावी, कारण त्या पत्राखाली सही आपली असते.