साडेसहा इंचांचा दांडा

1988 साली अण्णांनी लातूरच्या गंजगोलाईतून काळी रोडस्टर घेतली. दुकानदाराने विचारलं ते एवढंच: बावीसची फ्रेम की चोवीसची? ज्याच्या टोकाला पायडल बसतं त्या क्रँकचं माप कुणी विचारतच नसे. अण्णा बुटके, त्यांनाही तोच साडेसहा इंचांचा दांडा. शाळा, बाजार, दळण, सगळं त्याच्यावर. 2016च्या एप्रिलात मिरजेहून पाण्याची रेल्वे लातूरला आली, त्या उन्हाळ्यात ते हँडलला घागरी अडकवून फिरत. गुडघा तेव्हापासून धरला असं ते सांगतात. मला वाटतं, झीज आधीचीच.

दुखायला लागल्यावर पाय टेकावेत म्हणून त्यांनी सीट खाली घेतली. आपल्याकडची बहुतेक म्हातारी माणसं हेच करतात आणि इथंच घात होतो. सीट जितकी खाली, तितका पायडल वर येताना गुडघा जास्त दुमडतो, वाटीवर दाब वाढतो. डॉक्टरांनी सायकल बंद करायला सांगितली. ती जिन्याखाली गेली आणि अण्णांचं बाहेर पडणंच थांबलं. ती दोन वर्षं मला आजही सलतात.

कारण उत्तर कधीचं छापून आलं होतं. 2001मध्ये अमेरिकेतल्या जिम मार्टिन यांनी 120 ते 220 मिलिमीटरचे क्रँक लावून सायकलपटूंचा जोर मोजला. सर्वांत जास्त आणि सर्वांत कमी यांत फरक निघाला जेमतेम चार टक्क्यांचा. म्हणजे दांडा आखूड केला तरी ताकद फारशी जात नाही.

अण्णा नांदेडला माझ्याकडे आले, तेव्हा वजिराबादच्या मिस्त्रीचाचांना मी हे सांगितलं. त्यांनी मुलांच्या सायकलचा साडेपाच इंची क्रँक काढला, कॉटर पिन कानशीने घासघासून बसवली, हातोडीचे दोन ठोके घातले. "गुरुजी, आता सीट एक इंच वर घ्यावी लागंल," म्हणाले. क्रँक एक इंच आखूड, सीट एक इंच वर, म्हणजे वरच्या टोकाला गुडघ्याला दोन इंचांची मोकळीक! आखूड दांड्याला जोर जास्त लागतो खरा, पण त्या क्रँकबरोबरचं चेनव्हीलही लहान, कमी दात्यांचं. त्यामुळे चढाला सायकल जड गेली नाही.

अण्णा पुन्हा गोदावरीच्या घाटापर्यंत जाऊ लागले. दुखणं गेलं नाही, पण रात्री गुडघा शेकायची वेळ क्वचित येते.

चाचा आता वयस्क गिऱ्हाइकाला आधी स्टँडवरच्या सायकलवर बसवतात, पायडल सावकाश उलटं फिरवायला लावतात आणि गुडघा कुठं अडतो ते बघतात.